कापसावरचं पांढरं

३ मार्च

बारके,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. कामाचं लिहितो.

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र तुझी वहिनी माझ्याआधी फोडते आणि हे तिने वाचायला नको. तिला फोनवर धड ऐकू येत नाही म्हणून आपण सगळे पत्रं लिहायला लागलो, आणि आता तिच्यापासूनच पत्र लपवायची वेळ आली. असो.

तिचा कमरेचा डबा बिघडलाय. तुला बरंचसं माहीत आहे, पण एकदा नीट लिहितो, म्हणजे बाजारात कुणी विचारलं तर तोंड वासून उभी राहणार नाहीस. तापात तिचे दोन्ही कान गेले, मग ऑपरेशन करून कानामागे हाडात एक तुकडा बसवला. तो तुकडा स्वतः काही ऐकत नाही. ऐकतो तो कमरेचा डबा, आणि ऐकलेलं वायरीतून आत पाठवतो. डबा बंद म्हणजे ती ठार बहिरी. थोडं कमी ऐकू येणं वगैरे मधला प्रकार नाही.

डबा बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. नवीन कंपन्यांचे डबे ह्या जुन्या तुकड्याला चालत नाहीत. आतला तुकडा बदलायचा तर पुन्हा ऑपरेशन, आणि तिच्या हृदयाला भूल सोसणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. दवाखान्यात दुसऱ्या पेशंटांचे जुने डबे मागून पाहिले. ते म्हणाले, जमा झालेले कधीच टाकून दिले.

मी डबा उघडला. बाकी सगळं ठणठणीत आहे, एकच आयसी, म्हणजे आतली चिप, मरायला टेकलाय. तो गरम झाला की आवाज जातो, त्यावर गार फवारा मारला की आवाज परत येतो. म्हणजे दुखणं तिथेच. चोवीस पायांचा आहे, बोटाच्या पेराएवढा. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय. आता कुणी तो बनवत नाही. पण तुझ्या शिवणाच्या दुकानामागे ती जुन्या सामानाची गल्ली आहे ना, तिथे बंद पडलेल्या कारखान्यांचा पडून राहिलेला माल येतो. असलाच तर तिथे असेल.

आता नीट वाच. त्या गल्लीत निम्मा माल खोटा. कुठल्यातरी भलत्याच आयसीची पाठ घासतात, वर रंग फासतात आणि गिऱ्हाइकाला हवा तो नंबर छापून देतात. कापसाचा बोळा रंगाच्या थिनरमध्ये बुडव आणि आयसीची पाठ पूस. अक्षरं निघाली की माल खोटा. जागच्या जागी परत दे. वाद घालायचा नाही आणि डोकं चालवायचं नाही. तुला डोकं चालवायची खोड आहे म्हणून मुद्दाम लिहितो.

वहिनीला मी वायर सैल झालीय एवढंच सांगितलंय.

दादा


१४ मार्च

दादा,

नमस्कार पोचला असं समज. खरोखर वाकून केला असता तर गुडघ्यांनी परत वर येऊ दिलं नसतं.

वायर सैल झालीय म्हणे! अरे, ज्या बाईला तू न सांगता खाल्लेलं गोड तुझ्या चालण्यावरून कळतं, तिला तू वायर सांगतोस? पण तुझा संसार, तुझं खोटं. मी दुकानाच्या पत्त्यावरच लिहितेय.

तुझ्या त्या गल्लीत मी काही परकी नाही. निम्म्या गल्लीच्या पँटी मीच कमरेला सैल केल्यात. बसून बसून पोटं सुटलीत मेल्यांची. कपाटाएवढी दुकानं, त्यात वरपासून खालपर्यंत छोटे छोटे खण, आणि दिव्याखाली डोळ्याला भिंग लावून बसलेली माणसं. मी चिठ्ठी पुढे केली. पहिल्याने वाचली, शेजारच्याला दाखवली, त्याने समोरच्याला. एकजण म्हणाला, "आजी, हे लागतं कशात?" मी म्हटलं, "माझ्या वहिनीत." तो हसला. मग मी सगळं सांगितलं तेव्हा हसायचा थांबला आणि मला स्टूल दिलं.

एकाने दुसऱ्या दिवशी आणून ठेवला. असा चकचकीत की जणू नुकताच न्हाऊन आलाय. मी पिशवीतून बाटली काढली, बोळा भिजवला आणि पुसला. कापूस काळाकुट्ट झाला, आणि खालून दुसराच नंबर वर आला! तो बोळा मी त्याच्या नाकासमोर धरला. म्हटलं, "तुझ्या बायकोचा ब्लाउज उसवून परत शिवायचा मी, आणि तू मला हे देतोस?" तेव्हापासून गल्लीत मला थिनरवाली म्हणतात. लांबून येताना दिसले की काहीजण खण बंद करतात. बघ, तुझ्या बहिणीने या वयात नाव कमावलं.

पण अजून मिळाला नाही, दादा. कितीजणांनी चिठ्ठी बघून नुसती मान हलवली. डबा कुठवर तग धरेल ते खरं खरं लिही. माझ्याशी वायर सैल खेळू नकोस.

बारकी


२ एप्रिल

बारके,

खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. फार दिवस नाही.

आता डबा सकाळी थोडा वेळ लावतो. मी पेपर मोठ्याने वाचतो, ती प्रत्येक बातमीवर काहीतरी खोड काढते, आमचं भांडण जुंपतं, आणि ऐन भांडणात आवाज जातो. परवा ती तावातावाने बोलत होती, मी उत्तर दिलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग स्वतःच डबा काढून टेबलावर ठेवला आणि भाजी निवडायला बसली. वायरीचं आता मी काही बोलत नाही, तीही विचारत नाही.

एक खटपट करून पाहिली. त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला, जरा नंतरचा एक आयसी माझ्याकडे होता. पायांची जागा वेगळी, म्हणून मध्ये छोटा बोर्ड करून केसाएवढ्या तारांनी जोडला. तीन वेळा जोडला, दोनदा जाळला. शेवटी आवाज आला. तिला म्हटलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "सगळी बदकं झालीत. तुम्ही तर म्हातारं बदक." आम्ही दोघं हसलो. पण त्यात एक शब्द कळत नव्हता, नुसता कलकलाट. डोकं दुखायला लागलं म्हणून तिने काढून ठेवला. मी जुनाच परत बसवला. प्रत्येक वेळी काढताना-घालताना बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा सुटतात. आता अजून एकदाच काढघाल होईल, दुसऱ्यांदा नाही.

म्हणून हवा तोच नंबर हवा. जवळचा नको, घराण्यातला नको.

मी आयुष्यभर लोकांची यंत्रं जिवंत केली. एकालाही "होणार नाही" म्हणून परत पाठवलं नाही. आता घरचंच यंत्र आहे आणि हात कापतात. हे कुणाला सांगणार? तुला सांगितलं. आता विसर, आणि गल्लीत जा.

दादा


१९ एप्रिल

दादा,

रोज जाते. दुकान उघडायच्या आधी एक फेरी, बंद केल्यावर एक. गिऱ्हाइकांचे ब्लाउज तसेच पडलेत. एकजण म्हणाली, लग्न होऊन जाईल तरी हा तयार व्हायचा नाही. म्हटलं, मग बारशाला घाल.

अजून हाती काही नाही. एकाने परदेशातल्या व्यापाऱ्याला विचारतो म्हणून सांगितलं होतं, त्याचं उत्तर आलं की कुणाकडेच शिल्लक नाही. दुसऱ्याने सांगितलं, शोधू नका, माणसाने कुठेतरी थांबावं. त्याच्याकडे मी आता जात नाही.

तुला हसवायला एक गंमत सांगते. गल्लीच्या अगदी टोकाला एक म्हातारा बसतो. कुणाशी बोलत नाही, गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत नाही. त्याने चिठ्ठी बघितली, उठला, आतून खाकी कागदात गुंडाळलेली एक प्लास्टिकची नळी आणली. वर बोटभर धूळ. आणि आत ओळीने तुझ्या नंबरचे आयसी! माझं काळीज असं उडालं, तुला काय सांगू. म्हणाला, कारखाना बंद पडला तेव्हा उचललेला माल आहे. मी हुरळले, पण तुझं पत्र डोळ्यांपुढे होतं. बाटली काढली, एक पुसला. आणि काय? दोन हात फिरवले तर अक्षरं साफ! दुसरा पुसला, तोही साफ. कापसावर नुसतं पांढरं पांढरं. खालून दुसरा नंबरसुद्धा आला नाही, कोरी करडी पाठ. किती हुशार झालेत बघ मेले, आधीचा नंबरसुद्धा ठेवत नाहीत. धूळसुद्धा मुद्दाम फासली असेल!

मग मी काय ऐकते? सगळ्या गल्लीसमोर त्याची अशी काढली, अशी काढली, की पलीकडचे लोक बाहेर येऊन उभे राहिले. म्हटलं, स्मशानात एक पाय आणि अजून लबाडी सुटत नाही. तो एक शब्द बोलला नाही. नळी उचलली आणि सोनं काढायला पाठवतात त्या भंगाराच्या पोत्यात उपडी केली. चोराला तोंड नसतं ते असं.

वहिनीला माझी आठवण सांग. कशी सांगशील ते तूच बघ.

बारकी


२३ एप्रिल

बारके,

हे मिळाल्या मिळाल्या हातातलं काम टाक आणि त्या म्हाताऱ्याकडे जा.

कापसावर फक्त पांढरं आलं होतं का? काळं अजिबात नव्हतं? पाठ गुळगुळीत होती की खरखरीत? कोपऱ्यात एक गोल खळगी होती का, आणि तिच्या आतला भाग बाकीच्या पाठीसारखाच होता का?

ह्याची उत्तरं नंतर लिही. आधी पोतं पकड. सगळे आण. एकसुद्धा सोडू नकोस, पाय वाकडे असले तरी चालतील. म्हातारा जे म्हणेल ते कबूल कर, पाया पडायला लागलं तर पड.

डबा परवापासून पूर्ण बंद आहे. फवाऱ्यानेही उठत नाही.

दादा


३० एप्रिल

दादा,

गेले. पत्र हातात घेऊनच गेले, दुकानाला कुलूपसुद्धा शेजारणीने लावलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोतं गेलं, एवढंच म्हणाला. कुठे गेलं ते समोरच्याने सांगितलं. शहराबाहेर एक आवार आहे, तिथे हे सगळं भाजतात आणि मग ॲसिडमध्ये टाकतात. बस बदलत बदलत पोचले. तिथे नुसता धूर, डोळे उघडवत नव्हते. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस म्हणाला, "ते पोतं तर कधीच विरघळलं, बाई." मी म्हटलं, मला बघू दे. त्याने हात झटकला आणि पिंपाकडे बोट दाखवलं. आत हिरवट पाणी होतं. त्यात काय बघणार, दादा?

तरी मी परत फिरले नाही. पोती जिथे उतरवतात तिथली माती उकरली. ट्रकच्या चाकांनी सगळं मातीत दाबलेलं. संध्याकाळ होईपर्यंत वाकून वाकून एक मिळाला. एका बाजूचे सगळे पाय तुटलेत, एक कोपरा दबलाय. नंबर दिसतोय. हा मी पुसला नाही. पुसायची हिंमतच झाली नाही.

तो कापसात गुंडाळून ह्याच पाकिटात पाठवतेय.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. फक्त पांढरं आलं. पाठ गुळगुळीत होती. खळगी होती, आत-बाहेर सारखीच होती.

आता माझा एक प्रश्न. अक्षरं निघाली की माल खोटा, हे तूच लिहिलं होतंस. मग खोट्या मालासाठी तू मला पाया पडायला का सांगितलंस?

बारकी


१२ मे

बारके,

तुझा आयसी पोचला. आवाराची एवढी दगदग करायला नको होती. तुझ्या कमरेचं मला माहीत आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, उगाच डोक्यात घोळवू नकोस. ते खोटेच होते. खोट्या मालातसुद्धा कधीकधी आतला तुकडा जवळपासचा निघतो, म्हणून डबा बंद पडल्यावर घाईने लिहिलं. माणूस बुडताना काडी धरतो तसं. तू पाठवलेला मी तपासला, पाय जोडून बघितला, चालला नाही. आत भलतंच काहीतरी होतं.

तेव्हा तू केलंस ते बरोबर केलंस. सांगितलं तसंच केलंस. म्हाताऱ्याला बोललीस तेही ठीकच.

वहिनी बरी आहे. आम्ही एक पाटी आणलीय, त्यावर लिहून दाखवतो. तिचं बोलणं मला ऐकू येतं, माझं तिला दिसतं, असा संसार चाललाय. आता शोधायचं काही कारण उरलं नाही. गल्लीत जाऊ नकोस. ब्लाउज शिव.

दादा


२० जून

वहिनी,

दादाला न दाखवता वाच. तू आधी पाकीट फोडतेस हे माहीत आहे म्हणून घरच्या पत्त्यावर पाठवतेय.

माझ्या हातून फार वाईट झालंय. कसं लिहू कळत नाही, पण लिहिल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

तुझ्या डब्याचा आयसी शोधताना मी ज्याला चोर ठरवलं, तो गल्लीच्या टोकाचा म्हातारा गेल्या आठवड्यात माझ्या दुकानात आला. हातात कोट, अस्तर फाटलेलं. गल्लीत शिवणारी दुसरी कुणी नाही, म्हणून आला असणार. मी मान खाली घालून माप घेतलं. तो जायला निघाला आणि दारातून परत वळला. त्याने खिशातून एक छोटा जुना रेडिओ काढला, स्वतःच्या घरातला. मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "तुमची बाटली काढा. हा माझ्या लग्नात मिळालेला रेडिओ. ह्यातला कुठलाही आयसी पुसा." मी पुसला. अक्षरं गेली, वहिनी. कापसावर पांढरं.

तो म्हणाला, "त्या वेळी शाईनेच छापायचे. थिनर लावल्यावर शाई निघणारच. खोट्या मालाची पाठ घासून खरखरीत होते, खळगी रंगाने बुजते, पुसलं की तो फासलेला रंग निघतो, कापूस काळा होतो. पांढरं आलं तर ती नुसती शाई असते."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"

म्हणाला, "तुम्ही बोलू दिलंत कुठे? एवढी वर्षं त्या गल्लीत बसतोय, मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. डोकं फिरलं. टाकले पोत्यात. रात्रभर वाटत होतं, सकाळी काढून ठेवू. सकाळी गाडी लवकर आली."

कोटाचं अस्तर मी बदलून दिलं.

म्हणजे ते खरे होते. अख्खी नळी भरून खरे होते, माझ्या हातात होते, आणि मी ते फेकायला लावले. दादाने मला लिहिलंय की ते खोटेच होते. तो माझ्यासाठी खोटं बोलतोय, मला कळतंय. काळं-पांढरं त्याला माहीत असणारच, तो प्रश्न त्याने म्हणूनच विचारला. पण पहिल्या पत्रात लिहायचं राहिलं त्याच्याकडून. आता मी जर म्हटलं की मला सगळं कळलंय, तर तो म्हणेल चूक माझी, मी अर्धंच सांगितलं. आणि तो मोडून पडेल. म्हणून मी विश्वास ठेवल्यासारखं दाखवतेय. तू त्याला काही सांगू नकोस. मला काय बोलायचं ते बोल, शिव्या दे, पण त्याला सांगू नकोस.

बारकी


२९ जून

बारके,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा डोळे भरून येत होते, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तू लिहितेस, दादाला सांगू नकोस. ह्यांनी मे महिन्यातच पाटी पुसत पुसत सगळं लिहून दाखवलं होतं, शाई काय, रंग काय, पांढरं काय. आणि शेवटी लिहिलं, "बारकीला कळू देऊ नकोस, ती जिवाला लावून घेईल." शोभता एका आईची लेकरं! सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, आणि दोघांनी मिळून मला गुपितांची पेटी केलंय. मी कुणाचंच गुपित ठेवणार नाही. हे पत्र लिहून झालं की ह्यांच्या हातात देणार आहे, मग पाकीट चिकटवणार.

मला राग आलाय, बारके. खूप राग आलाय. तू फेकायला लावलेस म्हणून नाही, ह्यांनी अर्धं लिहिलं म्हणूनही नाही. चुका होतात, मीसुद्धा आयुष्यात कमी केल्या नाहीत. राग ह्याचा आलाय की दादाचं कसं होईल म्हणून तुझ्या गळ्याखाली घास उतरत नाही, बारकीचं कसं होईल म्हणून हे वाळत चाललेत, आणि कान गेले ते माझे. मला कुणी एकदा विचारलं का, की तुला कसं वाटतं?

विचारलं नाही तरी सांगते. वाईट वाटतं. पहिल्यांदा कान गेले तेव्हा मी तरुण होते, काहीतरी उपाय निघेल असं वाटायचं, आणि निघाला. आता निघणार नाही हे मला माहीत आहे. दूध उतू जातं ते वासाने कळतं, तोवर ओटा भरलेला असतो. नळ चालू आहे की बंद ते हात घालून बघते. आणि मी बोलते ते किती मोठ्याने बोलते तेच कळत नाही. परवा दवाखान्यात ह्यांच्या कानात हळूच म्हटलं की समोरच्या बाईची कवळी सैल आहे, तर ती बाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "अख्ख्या दवाखान्याला कळलं." हसायला आलं, पण आता माणसांत तोंड उघडायची भीती वाटते.

आणि एक गोष्ट ह्यांनी तुला खोटी लिहिली. तू मातीतून काढलेला आयसी चालला नाही असं लिहिलं ना? तो चालला. एक दुपार चालला.

दिवसच्या दिवस हे भिंग लावून बसले होते. तुटक्या पायांच्या बाजूने वरचं कवच घासत घासत आतला धातू उघडा केला आणि त्याला तारा जोडल्या. एका हाताला दुसऱ्या हाताचा आधार द्यायचे. मग डबा माझ्या कमरेला लावला. आधी खरखर आली. मग खुर्ची सरकली ती मला ऐकू आली, बारके. रस्त्यावरून कुणी लोखंडी काहीतरी फरफटत नेत होतं, तेही आलं. इतका घाणेरडा आवाज, पण मला वाटलं तो जाऊच नये. मी रडायलाच लागले. म्हटलं, "येतंय! अहो, बोला ना काहीतरी."

ह्यांनी काय करावं? भिंतीपर्यंत मागे गेले आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. ऐकू येतंय का? म्हटलं, येतंय. मग माझ्या पाठीमागे जाऊन मोजलं. मग आतल्या खोलीतून. मग नळ सोडून. मग खिडकी उघडून. डब्याची चकती जरा इकडे फिरव, जरा तिकडे फिरव, परत एक, दोन, तीन. मी म्हटलं, "अहो पुरे, धड काहीतरी बोला." तर म्हणाले, "बोलायचंच आहे. आधी नीट बसू दे." जन्मभर गिऱ्हाइकाचं यंत्र असंच तपासून दिलं, दुसरं काही येतच नाही ह्या माणसाला. मलाही वाटलं, तपासू दे. संध्याकाळ आपलीच आहे, उद्याचा पेपर आहे. मीसुद्धा हट्ट धरला नाही.

ऊन खिडकीतून जायच्या आत एकाएकी सगळं थांबलं. खरखर नाही, काही नाही. समोर ह्यांचं तोंड हलत होतं. मी काहीच म्हटलं नाही म्हणून त्यांनी परत विचारलं, ते चेहऱ्यावरून कळलं. मग डबा काढला, उघडला. आयसी जिथे दबला होता तिथे चीर गेली होती. बोर्डावरच्या रेघाही सुटल्या. आता त्यात काही बसवता येणार नाही, खरा मिळाला तरी नाही. हे तुला लिहायला ह्यांना जमलं नाही, म्हणून मी लिहितेय.

नंतर मी पाटी पुढे करून विचारलं, शेवटचं काय म्हणालात? ह्यांनी लिहिलं, "सहा."

एवढा संसार केला, आणि माझ्या कानावर पडलेला ह्यांचा शेवटचा शब्द पाच. सहा तर पोचलासुद्धा नाही. मी हसले, आणि मग अशी रडले की शेजारीण दार वाजवून गेली, तेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. नंतर कितीतरी दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. आता अधूनमधून विचारते, काय बोलायचं होतं तुम्हाला? दरवेळी पाटीवर लिहायला घेतात आणि पुसतात.

आता मिशी काढायला लावलीय, ओठ दिसावेत म्हणून. सोललेल्या बटाट्यासारखे दिसतात. पण हा माणूस ओठसुद्धा हात राखून हलवतो, त्यातलं मला चार शब्दांतला एक कळतो, तोही बहुतेक माझाच अंदाज.

तू ये. दुकान बंद करून ये, शिवायचं काही आणू नकोस. इथे येऊन भावासमोर बस आणि जे काय आहे ते एकमेकांच्या तोंडावर बोला, रडा, भांडा. मी समोर बसेन. मला काही कळणार नाही, पण दोघं खरं बोलताय एवढं तरी दिसेल. आणि मग कुणीतरी माझ्याजवळही बसा.

पत्र ह्यांनी वाचलं. खाली मी दोन ओळी लिहितो म्हणाले, म्हणजे तसं वाटलं. केव्हापासून पेन धरून बसले होते. दोन ओळी काही उतरल्या नाहीत, आणि टपाल निघायची वेळ झाली म्हणून मीच कागद परत घेतला.

वहिनी